‘वाच’ म्हणायचं नाही: पुस्तकांपासून दुरावलेल्या किशोरवयीन मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी

भाचा तेरा वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला ‘प्रत्येकाने वाचलंच पाहिजे’ अशा यादीतलं एक जाडजूड पुस्तक दिलं. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं, ‘वाचाल तर वाचाल’. दोन वर्षांनी त्यांच्याकडे गेले, तर पुस्तक त्याच्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरखाली. उंची अगदी मापात बसली होती. त्याच्यापेक्षा मलाच जास्त ओशाळल्यासारखं झालं. मी तेव्हा एका शाळेचं ग्रंथालय सांभाळत होते आणि मुलांना वाचतं कसं करावं यावर पालकांपुढे भाषणंही ठोकत होते.

त्या पुस्तकात माझ्या अपेक्षा गच्च भरलेल्या होत्या आणि त्या त्याला पहिल्याच पानावर दिसल्या, हे कळायला मला बराच काळ लागला. ग्रंथालयात बावीस वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की बारा ते सतरा वयातली न वाचणारी बरीचशी मुलं वाचनावरच्या पहाऱ्याला कंटाळलेली असतात. धडा संपला की प्रश्न, गोष्ट संपली की तात्पर्य, पुस्तक संपलं की सारांश लिहून आणा. आपण आधी तो पहारा उठवायचा आणि मग योग्य पुस्तक योग्य वेळी हाताशी असेल एवढं बघायचं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. तीन-चार महिने धरून चाला.

आधी महिनाभर गप्प बसा

पहिल्या पायरीवर काहीच करायचं नाही, आणि पालकांना हीच सगळ्यात जड जाते. एक महिना घरात ‘वाच’ हा शब्द काढायचा नाही. ‘तुझ्याएवढे होतो तेव्हा आम्ही’ने सुरू होणारं वाक्य गिळून टाकायचं. मामेबहिणीने सुट्टीत किती पुस्तकं संपवली याचा हिशेब त्याला ऐकवायचा नाही. आणि पाहुण्यांसमोर ‘आमच्याकडे वाचनाच्या नावाने बोंब आहे’ असं हसत हसत सांगणं आजपासून बंद. मुलं हे ऐकत असतात. ‘मी काही वाचणाऱ्यांतला नाही’ असं ती स्वतःबद्दल ठरवून टाकतात, आणि एकदा ते ठरलं की पुस्तक उघडणं म्हणजे आईबाबांपुढे हार मानणं होऊन बसतं.

या महिन्यात तुम्ही मात्र वाचा, पण तुम्हाला खरंच वाचावंसं वाटतं ते. एक वडील माझ्याकडे तक्रार घेऊन आले होते: रोज संध्याकाळी अर्धा तास मुलासमोर पुस्तक घेऊन बसतो, तरी त्याच्यावर काडीचा परिणाम नाही. कोणतं पुस्तक, असं विचारलं तर त्यांना नाव आठवेना. मुलाला ते कधीच कळून चुकलं असणार.

वाचत नाही, की वाचायला त्रास होतो?

हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘मला जमत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘बोअर होतं’ म्हणणं पंधरा वर्षांच्या मुलाला कितीतरी सोपं असतं. मोठ्याने वाचायची वेळ आली की तो विनोद करून सटकतो का? वाचताना ओळ चुकते का, बारीकसारीक शब्द गळतात का, लांब शब्दाची पहिली दोन अक्षरं बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देतो का? तुम्ही सांगितलेलं झटकन समजतं, पण तेच छापलेलं असलं की डोक्यात शिरत नाही, असं होतं का? दहा-पंधरा मिनिटांत डोळे चोळायला लागतो, डोकं दुखतं म्हणतो का?

शेवटचं लक्षण असेल तर आधी डोळे दाखवा. फळ्यावरचं नीट दिसतं म्हणजे जवळचंही नीट दिसतं असं नाही. ऐकून समजतं पण वाचून समजत नाही, असं सतत होत असेल तर डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षरं-शब्द ओळखून वाचण्यातल्या मुळच्या अडचणीची, तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही. तो वयाबरोबर आपोआप जात नाही, पण योग्य पद्धतीने शिकवलं तर वाचन सुधारतं. मोठेपणी निदान झालेली मुलं मी पाहिली आहेत. ‘म्हणजे मी ढ नाही’ हे समजल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, त्यासाठी तरी ही तपासणी टाळू नये.

त्रास किरकोळ असला तरी तो साचत जातो. मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली याला ‘मॅथ्यू परिणाम’ म्हटलं. ज्याच्यापाशी आहे त्याला आणखी मिळेल, या बायबलमधल्या वचनावरून हे नाव आलं. बरं वाचणारं मूल जास्त वाचतं, म्हणून त्याचा शब्दसंग्रह वाढतो, म्हणून वाचन आणखी सोपं होतं. अडखळणारं मूल वाचन टाळतं आणि दरवर्षी थोडं थोडं मागे राहतं. सातवी-आठवीत पोचेपर्यंत हे अंतर डोळ्यांना दिसण्याइतकं मोठं होतं, आणि आपण त्याला आळस म्हणून मोकळे होतो.

पुस्तक जड आहे का हे ओळखायला ग्रंथपालांची एक जुनी युक्ती आहे: मधलं कुठलंही पान वाचायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पानाच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक तूर्त बाजूला. ही युक्ती मुलाला सांगून ठेवा आणि करू दे त्याचं त्याला. तुम्ही समोर बसून बोटं मोजलीत तर ती पुन्हा तोंडी परीक्षाच झाली.

भाषेचंही तसंच. घरात एक भाषा आणि शाळेचं माध्यम दुसरं, असं असलं की मुलाने ‘कोणत्या’ भाषेत वाचावं यावर घरात वाद होतात. ज्या भाषेत त्याला पटकन हसू येतं त्या भाषेत वाचू दे. दुसरी मागून येते.

त्याचं वेड शोधा

आता खरं काम. दोन आठवडे त्याच्यावर, त्याला न कळता, लक्ष ठेवा. तो रात्री उशिरापर्यंत काय बघतो? मित्रांशी कशावरून हुज्जत घालतो? कोणत्या विषयावर तुमची चूक काढतो? जिथे तो तुमची चूक काढतो, तिथे त्याचं ज्ञान तुमच्यापेक्षा जास्त आहे. सुरुवात तिथूनच करायची.

यामागे नुसता लाडिकपणा नाही. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या संशोधकांनी १९८८ साली सातवी-आठवीच्या वयाच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका खेळीचं वर्णन वाचायला दिलं. निम्मी मुलं वाचनात पक्की होती, निम्मी कच्ची. दोन्ही गटांत बेसबॉलचे जाणकारही होते आणि त्यातलं ओ की ठो न कळणारेही. नंतर सांगायला लावलं, तेव्हा बेसबॉल कळणाऱ्या कच्च्या वाचकांनी बेसबॉल न कळणाऱ्या पक्क्या वाचकांना मागे टाकलं. विषय ओळखीचा असला की कच्च्या वाचकालाही मजकूर झेपतो. ‘कठीण’ पुस्तकही वेडापुढे सोपं होतं, म्हणून वेड जबरदस्त असेल तर पाच बोटांचा नियम खुशाल विसरा.

माझ्या भाच्याचं वेड सायकल. एकदा गेले तेव्हा गच्चीत सायकल उलटी ठेवलेली, हात ग्रीसने काळे, आणि हा मागचं चाक फिरवून कान लावून ऐकतोय. मी सहज विचारलं, ‘काय रे, आवाज कसला?’ पुढची वीस मिनिटं त्याने मला गिअर बदलणारा डिरेलर म्हणजे काय, तो जरासा वाकडा असला की चेन मधल्या दात्यांवर का घसरते, आणि स्क्रू पाव फेराच का फिरवायचा हे समजावलं. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिथे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. पुढच्या खेपेला सायकलवरून वाळवंट ओलांडणाऱ्या एकाचं अनुभवकथन नेलं, एकशेवीस पानी. भर वाळवंटात चाकाची रिम तडकते आणि जवळ सुटे भाग नसतात, ते पान उघडं ठेवून मी पुस्तक सायकलच्या सीटवर पालथं घातलं आणि आत गेले. रात्री जेवताना तो म्हणाला, ‘मावशी, त्याने स्पोक आधीच सैल करायला हवे होते.’ मी फक्त ‘असं?’ म्हटलं.

गेम खेळणाऱ्या मुलांना त्या गेममधल्या जगाच्या मुळाशी असलेल्या दंतकथा, लढायांचा इतिहास, गेम कसा बनतो याच्या गोष्टी आवडतात. ‘हे खरंच घडलं का?’ असं सतत विचारणाऱ्यांना कादंबरी देऊच नका. गुन्ह्यांचे तपास, फसलेल्या मोहिमा, जहाजांचे अपघात द्या. मनातल्या मनात खूप बोलणाऱ्या मुलींना आणि मुलांना रोजनिशीच्या किंवा पत्रांच्या रूपातलं लिखाण जवळचं वाटतं. मुक्तछंदात लिहिलेल्या कादंबऱ्याही असतात, त्यांच्या पानावर मजकूर कमी आणि मोकळी जागा जास्त. अडखळणाऱ्या मुलाला त्या पानांची भीती वाटत नाही.

एक सावधगिरी. बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मांडलं की पुस्तकं मुलांसाठी स्वतःचं आयुष्य दाखवणारे आरसे असतात, दुसऱ्यांचं दाखवणाऱ्या खिडक्या असतात आणि त्या जगात शिरायची सरकत्या काचेची दारंही असतात. मोठ्यांना यातला आरसा फार आवडतो. वडील गेलेल्या मुलीला वडील गेलेल्या मुलीचीच गोष्ट नेऊन देतात. कधी कधी ते बरोबर ठरतं, पण तिला त्या क्षणी कदाचित दुसऱ्या ग्रहावर जायचं असेल. आरसा इतर पुस्तकांच्या ढिगात ठेवा, हातात देऊ नका.

सात पुस्तकं, तीही पातळ

एकच पुस्तक दिलं तर तो हुकूम होतो. वीस दिली तर मूल एकही उचलत नाही. मी सात आणते. दोन त्याच्या वेडाची, एक कॉमिक किंवा मांगा (जपानी कॉमिक), एक खरी घडलेली थरारक गोष्ट, एक भीतीची, एक खो खो हसवणारं, आणि एक तुम्हाला त्याच्या वयात आवडलेलं. शेवटच्या प्रकारातलं एकच. आपल्या लहानपणीची पुस्तकं मुलांच्या गळ्यात मारण्याचा मोह आवरत नाही, मलाही नाही.

पानं दीडशेच्या आत असावीत, प्रकरणं छोटी आणि अक्षरं डोळ्यांना सोसतील एवढी. मुखपृष्ठ बघून घ्या. चौदा वर्षांच्या मुलाला ते पुस्तक मित्रांसमोर दप्तरातून काढायचं असतं, आणि वर गोंडस ससा असला तर आतला मजकूर कितीही भारी असो, ते बाहेर निघणार नाही. वाचन कच्चं असेल तर ‘हाय-लो’ नावाने ओळखली जाणारी पुस्तकं ग्रंथपालाकडे मागा: विषय मोठ्या मुलांचे, भाषा सोपी.

ही सात पुस्तकं विकत घेऊ नका, वाचनालयातून आणा. त्यात मोठा फायदा आहे. ढीग टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, ‘शनिवारी परत करायचीत, काही ठेवायचं असेल तर सांग.’ एवढंच. विकत आणलेलं पुस्तक कपाटातून वर्षभर तुमच्याकडे रागाने बघत राहतं. वाचनालयाचं पुस्तक जाणार असतं, म्हणून ते चाळावंसं वाटतं. पहिल्या शनिवारी सातही परत गेली तर वैतागू नका. पुन्हा सात आणा. आमच्याकडे एका मुलीने चार ढीग परत पाठवले होते, पाचव्यातलं भुताचं पुस्तक ठेवून घेतलं.

‘कॉमिक म्हणजे काय वाचन?’ हा प्रश्न येणारच, बहुतेक आजोबांकडून. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत काय घडलं ते वाचकाने मनाशी भरायचं असतं. एका चौकटीत हात उगारलेला, पुढच्या चौकटीत दार आपटलेलं, मधलं सगळं वाचणाऱ्याच्या डोक्यात घडतं. सूचित अर्थ ओळखणं म्हणजे हेच की. श्राव्य पुस्तकं, इंटरनेटवरच्या चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, खेळाडूंच्या मुलाखती, सगळं धरा. ‘मी वाचत नाही’ म्हणणारी एक मुलगी आवडत्या मालिकेतल्या पात्रांवरच्या कथा रोज रात्री फोनवर तासभर वाचत असे. तिच्या हिशेबी ते वाचन नव्हतंच, कारण त्यावर कुणी मार्क देत नव्हतं.

पुस्तक सोडायची परवानगी

अर्धवट टाकलेलं पुस्तक म्हणजे पानात टाकलेलं अन्न, अशी आपली समजूत. ती मुलाच्या डोक्यातून काढायला तुम्हीच एखादं पुस्तक त्याच्यादेखत सोडा. फ्रेंच लेखक आणि शिक्षक डॅनिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहिले. त्यात पहिलाच हक्क न वाचण्याचा. मग पानं गाळण्याचा, पुस्तक पूर्ण न करण्याचा, तेच पुन्हा वाचण्याचा, काहीही वाचण्याचा आणि शेवटी वाचलेल्यावर गप्प बसण्याचा. मी ते ग्रंथालयाच्या दारावर लावले तेव्हा दोन शिक्षकांनी नापसंती कळवली. मुलं मात्र पहिल्यांदाच थांबून दारावरचं काहीतरी वाचत होती.

अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक मजेशीर नियम आहे. पन्नाशीच्या आत असाल तर पुस्तकाला पन्नास पानं द्या. पन्नाशी ओलांडली की शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. मी चोपन्न वर्षांची, म्हणजे माझा कोटा ४६ पानांचा. नव्याने वाचू लागलेल्या मुलाला मात्र पन्नास पानं म्हणजे डोंगर वाटतो. त्याला मी वीस पानं सांगते.

सोडलं की का सोडलं ते हळूच विचारा, कारण पुढचं पुस्तक त्या उत्तरातून मिळतं. ‘बोअर आहे’ या एका उत्तरात निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. काहीच घडत नाही म्हणाला, तर पहिल्याच पानावर प्रेत सापडतं असं पुस्तक शोधा. ‘कोण कोणाचा कोण कळेना’ म्हणजे पात्रं फार, मग एकाच माणसाच्या तोंडून सांगितलेली गोष्ट द्या. शब्द अडतात, तर भाषा सोपी हवी. ‘लेखक शिकवत बसतो’ म्हणाला तर त्याच्या नाकाचं कौतुक करा, उपदेशाचा वास त्याला आलाय. आणि ‘काय माहीत, नाही आवडलं’ हेही पूर्ण उत्तर आहे. तिथे थांबायचं.

पहिली पन्नास पानं तुम्ही वाचा

सुरुवातीची पानं सगळ्यात कठीण. नवी माणसं, नवं गाव, कोण कुणाचा लागतो याचा पत्ता नाही. सराईत वाचक हा गोंधळ सहन करतो, कारण पुढे उलगडेल हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. नवा वाचक तिथेच बुडतो. म्हणून ही पानं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा.

मोठ्या मुलांना वाचून दाखवणं पोरकट वाटतं ना? इंग्लंडमध्ये जो वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वीस शिक्षकांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांसमोर बारा आठवड्यांत दोन अवघड कादंबऱ्या सलग, वेगाने, मोठ्याने वाचल्या. मध्ये मध्ये थांबून प्रश्नोत्तरं नाहीत, कार्यपत्रिका नाहीत. वाचनात मागे असलेल्या मुलांच्या आकलनात त्या बारा आठवड्यांत सरासरी १६ महिन्यांची प्रगती दिसली. माझ्या मते ‘सलग’ आणि ‘वेगाने’ हे दोन शब्द इथे महत्त्वाचे. दर परिच्छेदाला थांबून शब्दार्थ सांगितला की गोष्ट मरते.

कधी वाचायचं? मुलाचे हात कामात आणि कान मोकळे असतात तेव्हा. तो भांडी पुसतोय, सायकल साफ करतोय, चित्र काढतोय. ‘बस इथे, वाचून दाखवते’ म्हटलं की पळून जाईल. ‘हे ऐक काय लिहिलंय’ म्हणून सरळ सुरू करा. नाटकी आवाज काढू नका, पण कुजबुज असेल तिथे कुजबुजा. आणि कुणीतरी दार वाजवतंय, आतल्या माणसाने दिवा मालवलाय, अशा ठिकाणी ‘अगंबाई, फोन करायचा राहिला’ म्हणत पुस्तक तिथेच ठेवून उठा. लबाडी आहे, कबूल. मी बावीस वर्षं केली. कधी कधी परत येते तेव्हा पुस्तक जागेवर नसतं.

वाचून दाखवणं जमणार नसेल तर श्राव्य पुस्तक लावा आणि छापील प्रत समोर ठेवा. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना ही जोडी विशेष सोयीची पडते: कान पुढे ओढतात, डोळे मागून येतात.

वेळ, फोन आणि झोप

नव्या वाचकाला एका पानाला साधारण दोन मिनिटं धरा. रोज पंधरा मिनिटं म्हणजे सात पानं, म्हणजे १४० पानी पुस्तक वीस दिवसांत. हा हिशेब मुलाला एकदा सांगा, ‘संपणारच नाही’ ही भीती जाते. वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधा: बसमध्ये, शिकवणीच्या आधी, अंथरुणात.

फोनशी मारामारी करून जिंकता येत नाही. ‘फोन ठेव आणि पुस्तक घे’ या वाक्यात पुस्तक शिक्षा होऊन जातं. त्याऐवजी एक अर्धा तास ठरवा, ज्यात घरातले सगळे फोन दुसऱ्या खोलीत जातील, तुमचाही. त्या वेळात वाचायचंच असं नाही. चित्र काढा, खिडकीबाहेर बघा, कंटाळा. कंटाळलेल्या मुलाच्या हाताला लागेल अशा ठिकाणी पुस्तक ठेवणं हे तुमचं काम. कपाटात ओळीने लावलेल्या पुस्तकांपेक्षा बाथरूमजवळच्या स्टुलावर पडलेलं पुस्तक जास्त वाचलं जातं.

या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं आणि झोप उशिरा येते. त्याचा उपयोग करून घ्या. उशाशी छोटा दिवा द्या आणि सौदा करा: दिवे मालवायची वेळ दहाची, वाचत असलास तर साडेदहा. बारा-तेरा वर्षांची मुलं ही अर्ध्या तासाची लूट फार आनंदाने करतात. सतरा वर्षांचा मुलगा या सौद्याला हसेल, त्याच्यासाठी बसमधला प्रवास बरा.

कागद की स्क्रीन? पाब्लो डेलगादो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो असं दिसलं, पण नुसत्या कथात्मक मजकुरात तसा फरक आढळला नाही. तेव्हा गोष्ट ई-रीडरवर वाचत असेल तर वाचू दे. अक्षरं मोठी करता येतात आणि शेजारच्याला मुखपृष्ठ दिसत नाही, हे त्याचे दोन मोठे गुण.

बक्षीस नको, प्रश्नही जपून

दर पुस्तकाला पैसे देणारे पालक मला दरवर्षी भेटतात. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ सालचा प्रयोग त्यांना मी हमखास सांगते. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या छोट्या मुलांना आधी कबूल करून प्रशस्तिपत्र दिलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत त्याच मुलांनी रंगाचे पेन बक्षीस न मिळालेल्यांपेक्षा कितीतरी कमी वेळ हातात घेतले. आवडीचं काम मजुरीचं झालं. शिवाय पैशासाठी वाचणारी मुलं सगळ्यात पातळ पुस्तकं शोधून काढतात, तो व्यवहार त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो.

प्रश्नांचंही तसंच. ‘काय शिकलास?’, ‘तात्पर्य काय?’, ‘कितव्या पानावर आलास?’ हे तीन कायमचे बंद. बोलायचंच असेल तर तुम्हीही ते पुस्तक वाचा आणि वाचकासारखं बोला: ‘तो भाऊ मला पहिल्यापासून खोटारडा वाटतोय’, ‘मी असते तर तिला पत्र दाखवलंच नसतं’. समोरासमोर बसून नको. चालताना, गाडीत, कपड्यांच्या घड्या घालताना. नजर दुसरीकडे असली की या वयाची मुलं जास्त बोलतात. आणि गप्प राहिली तरी चालेल, पेनाक यांचा दहावा हक्क आहेच.

पहिलं संपल्यानंतर

पहिलं पुस्तक संपतं तो दिवस घरात सणासारखा साजरा करू नका. त्या दिवशी एकच काम: दुसरं पुस्तक दोन दिवसांत हाताशी हवं. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त मुलं इथे सुटतात. पहिलं आवडलं, दुसरं शोधायला दोन महिने गेले आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर. म्हणून मालिकांसारखं औषध नाही. माणसं ओळखीची, जग ओळखीचं, सुरुवातीच्या पानांचा डोंगर दुसऱ्या भागात नसतोच. मालिका नसेल तर त्याच लेखकाचं, तेही नसेल तर ग्रंथपालाला सांगा, ‘याला हे आवडलं’.

तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचत असेल तर वाचू दे. एकाच प्रकारची अकरा पुस्तकं सलग वाचली तरी वाचू दे. ‘आता जरा दर्जेदार वाच’ या एका वाक्याने चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेलेली मी पाहिली आहे. मजकूर वयाला झेपणार नाही असं वाटलं, तर हिसकावून घेण्याआधी स्वतः वाचा. बहुतेकदा मुखपृष्ठच जास्त भडक असतं. खरंच खटकलं तर काय खटकलं ते सरळ सांगा. लपवलेलं पुस्तक मुलं शोधून काढतातच.

परीक्षेच्या काळात वाचन थांबतं. थांबू दे. नंतर सुरुवात करताना नवं पुस्तक नको, जुनं आवडलेलं पुन्हा द्या.

शिक्षकांसाठी थोडक्यात. रोज दहा मिनिटं मूकवाचन ठेवायचं असेल तर त्या वेळात तुम्ही वह्या तपासू नका, वाचा. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ समितीने २००० साली म्हटलं होतं की अशा मूकवाचनाने वाचनाचा ओघ सुधारतो याचा पुरेसा पुरावा हाती नाही. पुरावा कमी होता, निरुपयोग सिद्ध झाला नव्हता. पण शिक्षक नुसती वेळ देऊन बाजूला झाला तर कच्चा वाचक दहा मिनिटं एकच पान उघडून बसतो, हे कुठल्याही वर्गात दिसेल. त्याला पुस्तक निवडायला मदत लागते, आणि वर्गात चाळीस मुलं असली तरी ती एकेकालाच करावी लागते.

कधीतरी मूलच तुम्हाला पुस्तक देईल. हातातलं सोडून ते वाचा आणि आवडलं नाही तर तसं सांगा, खोटं कौतुक त्याला लगेच कळतं. भाचा आता सतरा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याने मला एका काल्पनिक साम्राज्याच्या मालिकेचा पहिला भाग दिला, सहाशे ऐंशी पानं. त्यात सात घराणी आहेत, प्रत्येकाचा वेगळा देव, वेगळं विष आणि तीन तीन नावांचे राजपुत्र. माझा ४६ पानांचा कोटा केव्हाच संपला. मी ६३व्या पानावर आहे, दुसऱ्यांदा, कारण पहिल्या खेपेला कोण मेलं तेच कळलं नव्हतं. रोज रात्री साडेनऊला त्याचा मेसेज येतो, ‘मावशी, कितवं पान?’